न दिसणाऱ्या आकाशाचा नकाशा



पनवेल तालुक्यांत, नव्या पनवेलला लागून, गाढी नदीच्या कांठीं विचुंबे नांवाचें एक गांव आहे. गांव म्हणावयाचें तें पूर्वीच्या संवयीनें. कारण जेथें भाताचीं खाचरें होतीं तेथें आतां मजल्यांवर मजले चढले आहेत, आणि दिव्यांच्या झगमगाटामुळें चांदण्या पूर्वीसारख्या दिसत नाहींत. उन्हाळ्यांतील एका रात्रीं अशाच एका इमारतीच्या गच्चीवर मी नातवाला घेऊन बसलों होतों. एकाएकीं वीज गेली. जिना शोधण्यासाठीं अंधारांत चांचपडतांना नातवाचा हात पश्चिमेकडील कठड्याला लागला, आणि तो म्हणाला, "आजोबा, सूर्य मावळून दोन तास झाले, तरी ही भिंत अजून गरम कशी?" मीं सांगितलें, "दिवसभर सांठविलेलें ऊन ती आतां परत देत आहे." त्यानें लगेच विचारलें, "मग तें परत दिलेलें ऊन दिसत कां नाहीं?"

मुलाचा प्रश्न साधा होता. परंतु त्याचें पुरतें उत्तर द्यावयाचें तर भिंतीवरून निघून थेट आकाशगंगेच्या मध्यापर्यंत जावें लागतें. आज आपण तेवढा प्रवास करूं.

१८०० सालीं विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें लोलकांतून सूर्यप्रकाश सोडून त्याचे रंग वेगळे केले, आणि कोणत्या रंगांत किती उष्णता आहे हें पाहण्यासाठीं एकेका रंगांत उष्णतामापक ठेवला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्याला कांहींच दिसत नव्हतें, तेथें ठेवलेल्या उष्णतामापकाचा पारा सर्वांत अधिक चढला. सूर्यप्रकाशाचा एक भाग डोळ्यांना अजिबात न दिसतां येऊन पोंचत होता. या किरणांना आपण अवरक्त किरण म्हणतों. इंग्रजी नांव इन्फ्रारेड हेंही आतां घरोघर ऐकूं येतें. ते घरांतच पाहावयाचे असतील तर दूरचित्रवाणीचा रिमोट हातांत घ्या आणि बटन दाबतांना त्याचें टोंक मोबाइलच्या कॅमेऱ्यांतून पाहा. नुसत्या डोळ्यांना तें काळें दिसतें. परंतु पुष्कळ कॅमेऱ्यांत तेथें एक फिकट ठिणगी लुकलुकतांना दिसेल. कॅमेऱ्याची दृष्टि आपल्या दृष्टीहून थोडी पलीकडे पोंचते, एवढेंच याचें कारण.

प्रकाश लाटांनीं प्रवास करतो. या लाटांची लांबी मोजण्यासाठीं मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे मायक्रॉन, हें माप घेतात. आपल्या डोळ्याला सुमारें ०.४ पासून ०.७ मायक्रॉनपर्यंतच्या लाटा दिसतात. आतां निसर्गाचा नियम असा कीं, प्रत्येक वस्तु आपल्या उष्णतेच्या मानानें किरण टाकीत असते, आणि वस्तु जितकी थंड तितक्या तिच्या लाटा लांब. सूर्याचा पृष्ठभाग सुमारें ५,५०० अंश तप्त आहे. त्याचें सर्वांत अधिक तेज अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतें, आणि आपला डोळा नेमका त्याच्याशींच जुळलेला आहे. गच्चीवरची भिंत, गोठ्यांतली गाय आणि स्वतः आपण यांचे किरण दहा मायक्रॉनच्या सुमारास. शून्याखालीं २४० अंश इतक्या थंड असलेल्या आकाशांतील धुळीचे किरण शंभर मायक्रॉनच्या सुमारास. तेव्हां पूर्णपणें काळोखी अशी वस्तु या विश्वांत कोठेंच नाहीं. नातवाला मिळालेलें उत्तर हेंच: भिंत उजळलेलीच आहे, परंतु तो उजेड आपल्या डोळ्यांच्या कक्षेंतला नाहीं.

हीच गोष्ट आकाशाला लावून पाहूं. हिंवाळ्यांत मृग नक्षत्र आपण सारेच पाहतों. त्यांतील तांबूस काक्षी हा तारा इतरांच्या मानानें थंड आहे. त्याचें बहुतेक तेज अवरक्तांतच बाहेर पडतें, आणि आपल्या वांट्याला त्याचा लहानसा अंशच येतो. याच मृगांत, तीन ताऱ्यांच्या ओळीखालीं धुरकट ठिपक्यासारखा एक तेजोमेघ आहे. त्याच्या आड व आजूबाजूला वायूचे आणि धुळीचे प्रचंड ढग पसरले असून त्यांच्या पोटांत नवे तारे जन्मत आहेत. हे बालतारे साध्या दुर्बिणींतून दिसत नाहींत, कारण धुळीचे अतिसूक्ष्म कण दृश्य प्रकाश अडवितात. लांब लाटा मात्र अशा कणांना वळसा घालून जावें तशा त्यांतून पार होतात. आकाशगंगेचा मध्य धनु राशीच्या दिशेला, आपल्यापासून सुमारें २६,००० प्रकाशवर्षें दूर आहे. तेथून निघालेल्या दृश्य किरणांपैकीं एक लाख कोटींत एखादा इकडे पोंचतो, बाकीचे वाटेंतील धुळींतच संपतात. उलट दोन मायक्रॉनच्या अवरक्त किरणांपैकीं दहा-पंधरांतून एक तरी सुखरूप येतो. या एका वाटेनें पाहूनच तेथील ताऱ्यांचें भ्रमण मोजलें गेलें आणि मध्यभागीं सूर्याच्या सुमारें चाळीस लाख पट वस्तुमानाचें कृष्णविवर आहे हें सिद्ध झालें. २०२० सालचें भौतिकीचें नोबेल पारितोषिक राइनहार्ट गेंझेल व अँड्रिया गेझ यांना त्याबद्दलच मिळालें. रॉजर पेनरोज यांचाही त्यांत वांटा होता. परंतु तो गणिती सिद्धान्ताबद्दल.

असें जर आहे तर अवरक्त दुर्बीण गच्चीवर मांडली कीं काम झालें, असें कोणी म्हणेल. तसें होत नाहीं. वाटेंत दोन अडचणी आहेत. पहिली हवेची. हवेंतील पाण्याची वाफ अवरक्त किरणांचा मोठा भाग गिळून टाकते. मधूनमधून कांहीं फटी तेवढ्या मोकळ्या राहतात. आपल्या कोंकणांत तर वाफेचा सुकाळ. म्हणून ज्योतिर्विद उंच, कोरड्या जागा शोधतात. लडाखमध्यें हान्ले येथें सुमारें ४,५०० मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाची हिमालयीन चंद्रा दुर्बीण आहे, ती याच कारणासाठीं.

दुसरी अडचण अधिक अवघड आहे. दहा मायक्रॉनच्या किरणांनीं पाहूं गेल्यास हवा स्वतःच चमकते, दुर्बिणीची नळी चमकते, आरसाही चमकतो. रात्र असून दिवस असल्यासारखी स्थिति होते. पेटलेल्या नळीच्या, पेटलेल्या आरशाच्या दुर्बिणींतून भर दुपारीं काजवे शोधावयास बसावें, तसा तो प्रकार. म्हणून उष्णता पाहणाऱ्याला प्रथम स्वतःची उष्णता टाकून द्यावी लागते. दुर्बीण जितकी थंड तितकी तिची नजर स्वच्छ, आणि हवेच्या बाहेर नेली तर अधिकच उत्तम.

हा उद्योग केवळ परदेशांतच चालतो असा समज असेल तर तो दूर केला पाहिजे. विचुंब्याहून खाडीपलीकडे, मुंबईच्या दक्षिण टोंकाला कुलाब्यास टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, डॉ. होमी भाभा यांनीं १९४५ सालीं ती स्थापन केली. तेथील शास्त्रज्ञांनीं एक मीटर व्यासाचा आरसा असलेली अवरक्त दुर्बीण तयार केली आणि ती फुग्याला बांधून आकाशांत धाडली. फुगा म्हणजे जत्रेंतला नव्हे. अतिशय पातळ प्लास्टिकचा, हायड्रोजन भरलेला आणि वर जाऊन इमारतीएवढा फुगणारा. संस्थेच्या हैद्राबाद येथील केंद्रांतून तो सोडतात. सुमारें तीस किलोमीटर उंचीवर पोंचला कीं वातावरणाचा जवळजवळ नव्याण्णव टक्के भाग खालीं राहतो, आणि वाफ तर बहुतेक सर्वच. तेथें दुर्बीण कांहीं तास आकाशाचा नेमून दिलेला तुकडा तपासते. तिचे किरणमापक द्रवरूप हेलियमनें इतके थंड केलेले असतात कीं निरपेक्ष शून्य, म्हणजे ज्याहून अधिक थंडी असूंच शकत नाहीं तो बिंदु, त्यांच्यापासून अंशाच्या एक-तृतीयांशावर येतो. काम संपलें म्हणजे दोर तोडतात व दुर्बीण हवाई छत्रीनें खालीं उतरते. ती वाऱ्यावर वाहत कोठें जाईल याचा नेम नसल्यामुळें महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण व आंध्र या राज्यांतील लोकांना सूचना दिली जाते कीं, शेतांत असें यंत्र पडलेलें आढळल्यास त्याला हात न लावतां कळवावें. अशा उड्डाणांतून १०० मायक्रॉनच्या पलीकडील किरणांत नव्या ताऱ्यांच्या ढगांचे नकाशे काढले गेले. १९९९ पासून जपानी शास्त्रज्ञांच्या सहकार्यानें कार्बनच्या १५८ मायक्रॉनच्या किरणांचेही काढले गेले.

परंतु येथेंच एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. एका रात्रींत फुग्यावरील दुर्बीण आकाशाचा फार तर चार-दोन तुकडे पाहणार. मग ती रोखावयाची कोठें? ज्या वस्तु कोणीं कधीं पाहिल्याच नाहींत त्यांचा पत्ता कोणाला विचारावयाचा? यावर उपाय एकच. निवड न करतां सारें आकाश एकदां अथपासून इतिपर्यंत पाहून काढावयाचें. खानेसुमारी करणारा कारकून ओळखीचींच घरें निवडीत नाहीं. तो गल्लींतलें प्रत्येक दार ठोठावतो. आकाशाची खानेसुमारीही तशीच व्हावी लागते.

या कामाची सुरुवात मोठ्या साध्या साधनांनीं झाली. अमेरिकेंत गेरी न्यूगेबाउर व रॉबर्ट लेटन यांनीं एका थाळ्यांत पातळ राळ ओतून तो थाळा संथपणें फिरत ठेवला. फिरत्या द्रवाचा पृष्ठभाग आपोआप खोलगट होतो हें आपण घुसळणीच्या वेळीं पाहतों. तसाच तो झाला आणि त्याच आकारांत घट्ट बसला. त्यावर धातूचा मुलामा चढविला कीं बासष्ट इंचांचा आरसा तयार! या आरशानें माउंट विल्सनवरून त्यांनीं दोन मायक्रॉनच्या किरणांत आकाशाचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग पिंजून काढला, आणि १९६९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या यादींत साडेपांच हजारांहून अधिक तारे होते. त्यांतील कित्येक साध्या दुर्बिणींत जवळजवळ अदृश्य होते.

पुढची पायरी अवकाशांतली. जानेवारी १९८३ मध्यें अमेरिका, नेदरलँड्स व ब्रिटन यांनीं मिळून 'आयरास' हा उपग्रह सोडला. ५७ सेंटिमीटरचा आरसा द्रवरूप हेलियमच्या टांकींत बसविलेला. टांकींतील हेलियम थोडा थोडा उडून जात असे, आणि तो संपेपर्यंतच दुर्बिणीचें आयुष्य. म्हणजे मोजून दिलेल्या श्वासांवर जगावें तसें तें काम होतें. दहा महिन्यांनीं, २१ नोव्हेंबर १९८३ रोजीं, हेलियम संपला. परंतु तोंवर आकाशाचा ९६ टक्के भाग पाहून झाला होता आणि सुमारें अडीच लाख ठिकाणांची नोंद झाली होती. कुलाब्याच्या मंडळींना आपली दुर्बीण कोठें रोखावी याचे पत्ते आतां हातीं आले. फुग्यावरून केलेल्या निरीक्षणांशीं आयरासचीं मापें पडताळून पाहणें हा त्यांच्या कामाचा नेहमींचा भाग झाला.

या उपग्रहानें एक गोष्ट अशी दाखविली कीं जी कोणींच मागितली नव्हती. यंत्राचें माप बरोबर आहे ना हें ठरविण्यासाठीं त्यानें अभिजित ताऱ्याकडे पाहिलें. कारण अभिजित हा ज्योतिर्विदांचा प्रमाण तारा, जसें वाण्याच्या दुकानांतील शिक्क्याचें वजन. पण तें वजनच जड भरलें! अभिजितपासून अपेक्षेहून कितीतरी अधिक लांब लाटांचे किरण येत होते. ताऱ्याभोंवतीं धुळीचें कडें फिरत होतें. ग्रहांची जी सामग्री असते तिचा असा पुरावा दुसऱ्या ताऱ्याभोंवतीं प्रथमच मिळाला.

सबंध आकाश पाहण्याचें महत्त्व कशांत आहे हें दुसऱ्या एका हकीकतीनें अधिक स्पष्ट होईल, आणि तिचा नायक आपल्या ओळखीच्या मातींतला आहे. कोल्हापूर जिल्ह्यांतील कुरुंदवाड येथें १९५६ सालीं जन्मलेले प्रा. श्रीनिवास कुलकर्णी अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या कॅलटेक संस्थेंत काम करतात. तारा होण्याइतकें वस्तुमान नाहीं, पण ग्रहाहून मोठी, अशी मधली वस्तु असली पाहिजे, असें गणित १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत शिव कुमार या भारतांत जन्मलेल्या शास्त्रज्ञानें मांडलें होतें. अशा वस्तूच्या पोटांत हायड्रोजनची भट्टी पेटत नाहीं. जन्मतः मिळालेल्या उष्णतेवर ती निवत निवत जगते, आमच्या कठड्याच्या भिंतीसारखी. तिला तपकिरी खुजा तारा म्हणतात. तीस वर्षें गणित होतें, पण वस्तु सांपडत नव्हती. १९९५ सालीं प्रा. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मृगाच्या पायांखालील शशक या तारकासमूहांत, सुमारें १९ प्रकाशवर्षांवरील ग्लीझे २२९ या ताऱ्याचें तेज झांकून त्याच्या शेजारीं पाहिलें, तों तेथें एक मंद ठिपका. त्याचें अवरक्त किरणांत पृथक्करण केलें तेव्हां त्यांत मिथेन वायूची खूण मिळाली. ताऱ्याच्या तापमानांत मिथेन टिकूं शकत नाहीं. तेव्हां शंका फिटली. २०२४ सालीं असें आढळून आलें कीं, एकच समजला गेलेला तो ठिपका वस्तुतः दोघांची जोडी आहे.

येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. हा खुजा सांपडला, कारण त्याच्या शेजारीं ठाऊक असलेला तारा होता. पण जे एकटेच भटकत आहेत, ज्यांच्या दाराशीं दिवा नाहीं, त्यांना कोण शोधणार? ते सांपडले ते केवळ सर्व आकाशाच्या खानेसुमारींत. १९९७ ते २००१ या काळांत ॲरिझोनांत एक व चिलींत एक अशा दोन जुळ्या दुर्बिणींनीं सारें आकाश तीन अवरक्त रंगांत टिपलें आणि सुमारें ४७ कोटी बिंदु नोंदले. मग १४ डिसेंबर २००९ रोजीं 'वाइज' हा उपग्रह निघाला. पृथ्वीभोंवतीं फिरतां फिरतां तो आकाशाची एकेक पट्टी टिपी. पृथ्वी सूर्याभोंवतीं सरके तशी पट्टीही सरके, आणि शेत नांगरतांना तासाला तास लागावा तशा पट्ट्या लागून सहा महिन्यांत सारें आकाश पुरें होई. त्याच्या निरीक्षणांतून २०१३ सालीं अवघ्या साडेसहा प्रकाशवर्षांवर तपकिरी खुज्यांची एक जोडी निघाली. दक्षिणेच्या आकाशांतील मित्र हा तारा व त्यानंतरचा बर्नार्डचा तारा सोडले तर सूर्यमालेला याहून जवळचा शेजारी नाहीं. १९१६ नंतर इतकें जवळचें घर कोणाला सांपडलें नव्हतें. पुढच्याच वर्षीं सात प्रकाशवर्षांच्या थोडें पलीकडे दुसरा एक सांपडला. त्याचें तापमान हिंवाळ्यांतील आपल्या थंड रात्रीइतकें, किंवा त्याहूनही कमी. तारा म्हणून जन्माला येऊं पाहणारी ही वस्तु आज आपल्या हाताहूनही गार आहे! इतक्या जवळचे शेजारी शंभर वर्षें आपल्याला ठाऊक नव्हते, कारण आपण त्यांना दृश्य प्रकाशांत शोधीत होतों.

वाइजच्या थंडीचा सांठा २०१० सालींच संपला आणि कांहीं काळ त्याला निजवून ठेवण्यांत आलें. परंतु २०१३ सालीं त्याला पुन्हां जागें करून, जे दोन रंग सौम्य थंडींतही दिसतात तेवढ्यांवर लघुग्रहांच्या पहाऱ्याला बसविलें. हें काम केवळ कुतूहलाचें नाहीं. पृथ्वीच्या वाटेजवळून फिरणाऱ्या दगडाचें नुसतें तेज पाहून तो लहान पण पांढरा आहे, कीं मोठा पण कोळशासारखा काळा आहे, हें सांगतां येत नाहीं. काळा दगड उन्हानें अधिक तापतो, आणि तापलेला दगड अवरक्तांत लपूं शकत नाहीं. त्याच्या उष्णतेवरून त्याचा आकार काढतां येतो. येणारा पाहुणा केवढा आहे हें आधीं कळणें किती आवश्यक, तें सांगावयास नको. ऑगस्ट २०२४ मध्यें हा उपग्रह बंद करण्यांत आला, आणि त्याच वर्षीं तो वातावरणांत जळून गेला.

ती जागा रिकामी राहिलेली नाहीं. मार्च २०२५ मध्यें 'स्फिअरएक्स' हा उपग्रह सोडण्यांत आला. त्यांत हेलियमची टांकी नाहीं. सूर्याची व पृथ्वीची ऊब अडविणाऱ्या, एकांत एक बसविलेल्या शंकूंसारख्या छत्र्यांनींच तो थंड राहतो, म्हणून मोजलेल्या श्वासांची भीति त्याला नाहीं. त्याची दुर्बीण अवघी वीस सेंटिमीटरची. पण ती ०.७५ ते ५ मायक्रॉनपर्यंतचा प्रकाश १०२ रंगांत वेगळा करते, आणि दर सहा महिन्यांनीं सबंध आकाश पुरें करण्याची तिची योजना आहे. रंग वेगळे केल्यामुळें दूरच्या दीर्घिकांचें अंतर कळतें, आणि आपल्या आकाशगंगेंतील धुळीच्या कणांवर गोठलेलें पाणी किती आहे तेंही कळतें. गाढीच्या पात्रांतलें पाणी माथेरानच्या डोंगरांतून येतें एवढें आपल्याला ठाऊक असतें. तें पृथ्वीवर कोठून आलें याचा माग या नकाशांत लागेल अशी आशा आहे.

वर्तमानपत्रांत या नकाशांचीं निळीं-तांबडीं चित्रें येतात तेव्हां एक ध्यानांत ठेवावें. ते रंग माणसानें दिलेले असतात. आखूड लाटांना निळा, लांब लाटांना तांबडा. न दिसणाऱ्या भाषेचें तें दिसणाऱ्या भाषेंत केलेलें भाषांतर आहे. मूळ मजकूर मात्र आकाशाचाच.

त्या रात्रीं गच्चीवर मीं नातवाला एवढें सर्व सांगितलें नाहीं. आम्ही कठड्याला पाठ लावून बसलों. दिवे नसल्यामुळें पुष्कळ दिवसांनीं आकाश भरलेलें दिसत होतें. दक्षिणेला मित्र तारा होता, आग्नेयेला वृश्चिकाची तांबूस ज्येष्ठा वर आली होती. तेवढ्यांत वीज आली, सारें विचुंबें उजळलें, आणि निम्म्याहून अधिक तारे एका क्षणांत नाहींसे झाले. नातू हिरमुसला. मग त्यानें पुन्हां भिंतीला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "ही मात्र अजून आहे." मीं म्हटलें, "तेही आहेत."